क्रीडोद्यानांतील शेजारी

गेल्या नाताळच्या सुटींत घरच्या मंडळींच्या आग्रहास्तव आम्हीं मुंबईपासून कांहीं अंतरावर असलेल्या एका करमणुकीच्या उद्यानास भेट दिली. ज्यांस हल्लीं 'थीम पार्क' म्हणतात त्यांपैकींच तें एक. उंच चक्रें, पाण्याच्या घसरगुंड्या, लोखंडी रुळांवरून आकाशांत चढून एकदम खालीं कोसळणाऱ्या गाड्या, असें सर्व कांहीं तेथें होतें. आणि या प्रत्येकापुढें रांग होती. अशाच एका रांगेंत आमची धाकटी कन्या व आम्ही पाऊण तास उन्हांत उभे होतों. आमच्या पुढें एकच तरुण होता. कठड्यापाशीं पोहोंचतांच त्यानें मागें वळून हात केला, आणि त्याचीं अकरा माणसें सांखळीखालून वांकून, हंसत खिदळत, आमच्यापुढें येऊन उभीं राहिलीं. "जागा धरली होती," एवढेंच त्या तरुणाचें स्पष्टीकरण. मागें कुरकुर झाली. आमच्या शेजारचे एक वयस्क सद्गृहस्थ म्हणाले, "तिकीट स्वस्त ठेवलें म्हणजे असलीं माणसें यायचींच! दर दुप्पट करा, म्हणजे बघा कसें सुरळीत चालतें." कन्येनें मात्र निराळाच प्रश्न केला. "बाबा, मग आपण रांगेंत उभे राहिलों, तें चुकलें का?"

आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. त्यामुळें घरीं परत येतांना त्या अकरा जणांपेक्षां त्या सद्गृहस्थांचा उपाय व मुलीचा प्रश्न हेच दोन आमच्या मनांत घोळत राहिले. करमणुकीच्या ठिकाणीं शेजाऱ्यांचा उपद्रव होणें ही आजकालची गोष्ट आहे, पूर्वींचे लोक सभ्य होते, आणि उपद्रव करणारे नेहमीं खालच्या थरांतलेच असतात, अशा तीन समजुती आपल्या सुशिक्षित कुटुंबांत सर्रास आढळतात. परंतु ज्या देशांत असलीं उद्यानें प्रथम भरभराटीस आलीं तेथील साडेतीनशें वर्षांची हकीकत या तिन्ही समजुतींच्या आड येते. ती थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

लंडन शहराजवळ, टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, व्हॉक्सहॉल येथें १६६१ च्या सुमारास 'न्यू स्प्रिंग गार्डन' नांवाची बाग लोकांस खुली झाली. नौदलाच्या कचेरींतील अधिकारी सॅम्युएल पीप्स याची रोजनिशी प्रसिद्धच आहे. त्यास या बागेची मोठी आवड. परंतु २७ जुलै १६६८ रोजीं तो पत्नीसह तेथें गेला असतां, ज्या लतामंडपांत स्त्रियांसोबत पुरुष नाहींत अशा मंडपांत शहरांतील छानछोकी तरुण बेधडक शिरतात व बायकांशीं जवळजवळ जबरदस्ती करतात, हें पाहून आपणांस उद्वेग वाटला, अशी नोंद त्यानें केली आहे. आतां पीप्स हा स्वतः या बाबतींत कांहीं धुतल्या तांदुळासारखा नव्हता. त्याचीच रोजनिशी त्याची साक्षीदार आहे. शिवाय ज्या वाक्यांत तो काळाच्या निर्लज्जपणाबद्दल हळहळतो त्याच वाक्याच्या शेवटीं, नावेंतून मोठ्या मजेंत घरीं परतलों, असेंही लिहितो! दुसऱ्याच्या वर्तनाची चीड आणि स्वतःची मौज हीं दोन्ही एकाच होडींतून घरीं आलीं.

पुढें १७१२ च्या मे महिन्यांत ॲडिसननें 'स्पेक्टेटर' पत्रांत सर रॉजर डी कव्हर्ली या काल्पनिक पात्रास याच बागेंत फिरावयास नेलें. तो भोळा, वृद्ध जमीनदार पक्ष्यांचें कूजन ऐकत आपल्या जुन्या प्रेमाच्या आठवणींत दंग झालेला आहे, तोंच एक मुखवटा घातलेली स्त्री मागून येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारते व आपल्याबरोबर पेय घेण्याचें त्यास आमंत्रण देते. बागेंत पक्षी अधिक व असल्या बायका कमी असत्या तर आपण येथें वरचेवर आलों असतों, असें तो म्हातारा जातां जातां बजावून जातो. ॲडिसनचा विनोद सौम्य आहे; पण तक्रार जुनी व खरी आहे.

१७२९ सालीं ही बाग जोनाथन टायर्स नांवाच्या एका कर्तबगार गृहस्थाच्या हातीं आली. ७ जून १७३२ रोजीं मोठा समारंभ करून त्यानें तिचें नवें पर्व सुरू केलें. प्रवेशास एक शिलिंग द्यावा लागे. झाडांवर टांगलेले दिवे खूण होतांच एकदम पेटत. वाद्यवृंद वाजत असे. भोजनाच्या मंडपांतून चित्रें लावलेलीं असत. आणि संगीतकार हॅंडेल हयात असतांनाच, १७३८ सालीं, शिल्पकार रुबिलियाक यानें केलेला त्याचा संगमरवरी पुतळा तेथें बसविण्यांत आला. २१ एप्रिल १७४९ रोजीं हॅंडेलच्या नव्या संगीताची रंगीत तालीम या बागेंत झाली, तेव्हां बारा हजार लोक लोटले व लंडन पुलावर गाड्यांची तीन तास कोंडी झाली, असें त्या वेळच्या वृत्तांत म्हटलें आहे. लंडनच्या मजुरास त्या काळीं दिवसाकाठीं सुमारें दोन शिलिंग मिळत. अर्थात् शिलिंग ही क्षुल्लक रक्कम नव्हे; तरी कारागिरानें वर्षांतून एखाद्या वेळीं खर्च करावी अशी ती होती. युवराज व शिंपी एकाच वाटेवरून एकाच गाण्याच्या नादांत फिरतात, हाच त्या बागेचा लौकिक होता.

मग उपद्रव कोणाचा होई? या बागेंत दिवे न लावलेल्या कांहीं वाटा होत्या. त्यांस 'अंधाऱ्या वाटा' असेंच नांव पडलें होतें. तेथें चालणाऱ्या प्रकारांबद्दल बोभाटा झाला, तेव्हां १७६३ सालीं न्यायाधीशांनीं परवाना देतांना या वाटा कठडे घालून बंद करण्याची अट घातली. पुढील वर्षीं, म्हणजे १७६४ सालीं, हंगाम सुरू होतांच सुमारें पन्नास तरुणांच्या एका टोळीनें ते कठडे उपटून टाकले व वाटा पुन्हां मोकळ्या केल्या! हे पन्नास जण शिलिंग भरून आलेले होते, आणि 'सुखवस्तु घरचे उनाड' याच वर्णनानें त्यांची आठवण राहिली आहे.

परंतु सर्वांत बोलकी हकीकत २३ जुलै १७७३ ची आहे. त्या संध्याकाळीं हेन्री बेट नांवाचा एक पाद्री, जो पुढें 'मॉर्निंग पोस्ट'चा संपादक म्हणून गाजला, रंगभूमीवरील नामांकित नटी मिसेस हार्टली व इतर कांहीं मंडळी यांच्यासह बागेंत बसला होता. समोर शहरांतील कांहीं नखरेल तरुण येऊन बसले व त्या बाईकडे उद्धटपणें टक लावून पाहूं लागले. बाई ओशाळल्या. बेट यानें उठून त्यांस जाब विचारला. त्या टोळक्यांत कॅप्टन क्रॉफ्ट्स होता, लॉर्ड लिटल्टन यांचा मुलगा होता व जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेराल्ड नांवाचा आयर्लंडांतील एका बड्या घराण्यांतला तरुण होता. प्रकरण द्वंद्वयुद्धावर गेलें. तें कसेंबसें मिटतें न मिटतें तोंच, आपल्या 'कॅप्टन माइल्स' नांवाच्या मित्राचा बेटनें अपमान केला आहे व तो मुष्टियुद्धानें निकाल मागत आहे, असें फिट्झजेराल्डनें पुढें आणलें. पाद्रीबोवा मुठींचे भक्कम होते. त्यांनीं त्या कॅप्टनास थोड्याच वेळांत यथेच्छ बडविलें. मागाहून उघडकीस आलें कीं, हा कॅप्टन माइल्स म्हणजे फिट्झजेराल्डचाच हुजऱ्या, मालकाचे कपडे चढवून उभा केलेला! ही सर्व हकीकत वर्तमानपत्रांतून व एका स्वतंत्र पुस्तिकेंतून लंडनभर झाली, आणि हंसे झालें तें त्या नखरेल तरुणांचें. फिट्झजेराल्ड पुढें १७८६ सालीं खुनाच्या आरोपावरून आयर्लंडांत फांसावर चढला.

या प्रसंगांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, उपद्रव देणारे घराण्याचे होते आणि मार खाण्याची पाळी मात्र नोकरावर आली. दुसरी ही कीं, टक लावून पाहणें हा कायद्याच्या दृष्टीनें गुन्हा नव्हता. त्यास आळा घालण्यास शेजारच्या बांकावरील एका माणसाला उठावें लागलें. फॅनी बर्नी या लेखिकेनें १७७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'इव्हलिना' कादंबरींत नायिका याच अंधाऱ्या वाटेंत सांपडते. तिला घेरणारे 'जंटलमन'च असतात. आणि तिची सुटका करणारा सर क्लेमेंट विलबी स्वतःच त्या एकांताचा फायदा घेऊं पाहतो. रक्षणकर्ता कोण व उपद्रवी कोण, याचा निवाडा पोशाखावरून करणें किती व्यर्थ आहे हें त्या पंचवीस वर्षांच्या लेखिकेनें जसें ओळखलें तसें त्या काळच्या कित्येक पंडितांस ओळखतां आलें नाहीं.

असें असतां बागेच्या चालकांनीं उपाय काय योजला? १७९२ सालीं प्रवेशाचा दर एका शिलिंगाचा दोन शिलिंग करण्यांत आला. आमच्या रांगेंतील सद्गृहस्थांची सूचना ती हीच! त्यामुळें शिंपी बाहेर राहिला. फिट्झजेराल्डच्या जातीचे लोक आंतच राहिले. पुढें लोकांची आवडनिवड बदलली, बागेची कळा उतरत गेली आणि २५ जुलै १८५९ रोजीं व्हॉक्सहॉलचे दिवे कायमचे मालवले.

अमेरिकेंत न्यूयॉर्कनजीक कोनी आयलंड म्हणून समुद्रकिनारा आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत दारूचीं दुकानें, जुगार व खिसेकापू यांची इतकी गर्दी झाली कीं सभ्य कुटुंबें बिचकूं लागलीं. तेव्हां १८९५ सालीं पॉल बॉयटन यानें कुंपण घालून व फाटकावर प्रवेशमूल्य घेऊन 'सी लायन पार्क' उघडलें. कुंपण, फाटक व तिकीट ही आजच्या थीम पार्कांची त्रिमूर्ति येथेंच सिद्ध झाली. १८९७ सालीं जॉर्ज टिल्यू यानें त्याच धर्तीवर 'स्टीपलचेस पार्क' काढलें. हा टिल्यू मनुष्यस्वभावाचा मोठा जाणकार. त्याच्या यांत्रिक घोड्यांवरून उतरलेल्या माणसांस बाहेर पडण्यासाठीं एका रंगमंचावरून जावें लागे. तेथें जमिनींतून हवेचा झोत सुटे व बायकांचे घागरे आणि पुरुषांच्या टोप्या उडत. विदूषक विजेच्या काठीनें चिमटा काढी. आणि समोर बांकांवर बसलेले लोक पोट धरधरून हंसत. हे हंसणारे कोण? घटकाभरापूर्वीं त्याच मंचावर ज्यांची फजिती झाली तेच! स्वतःची फजिती झाली कीं दुसऱ्याची पाहावयास बसावें, असा तो क्रम होता. व्हॉक्सहॉलमध्यें जो उद्धटपणा चोरून चाले त्याचें टिल्यूनें उघड नाटक केलें व तें तिकिटांत समाविष्ट केलें. १९०७ सालीं हें उद्यान जळून खाक झालें, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं, धुमसणारे अवशेष पाहण्यास दहा सेंट, अशी पाटी त्यानें लावली. प्रेक्षकाची जिज्ञासा कोठपर्यंत खालीं उतरूं शकते हें त्यानें बरोबर हेरलें होतें.

या खालीं उतरण्याचा कळस मात्र एका मुक्या प्राण्याच्या वांट्यास आला. टॉप्सी नांवाची एक हत्तीण सर्कशींत होती. १९०२ च्या मे महिन्यांत ब्रुकलिन येथें एका दारू प्यालेल्या प्रेक्षकानें तंबूंत शिरून हत्तींस छळण्यास आरंभ केला. त्यानें पेटत्या चिरुटानें तिची सोंड भाजली, असें सांगतात. तिनें त्यास ठार केलें. 'नरघातकी' ठरलेली ती हत्तीण कोनी आयलंडला विकण्यांत आली. तेथेंही दारूबाज माहुतामुळें तिची अपकीर्ति वाढली. अखेर जेथें 'लूना पार्क' उभारलें जात होतें त्या जागीं, ४ जानेवारी १९०३ रोजीं, तिला विष चारून, विजेचा प्रवाह सोडून व गळ्यास फांस आवळून मारण्यांत आलें. चालकांचा बेत तिकीट लावून तिला जाहीर फांशी देण्याचा होता. प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणाऱ्या मंडळीनें हरकत घेतल्यामुळें तो फसला. तरीही निमंत्रित मंडळी जमली, आणि एडिसनच्या कंपनीनें त्या मृत्यूचें चलच्चित्र घेतलें. गजाननाची पूजा करणाऱ्या आम्हां मराठी वाचकांस ही हकीकत वाचवत नाहीं. पण प्राणिसंग्रहालयांत माकडास तंबाखू देणारे व वाघास खडे मारणारे आमचेच बंधु आहेत, हें विसरून चालावयाचें नाहीं. छेड काढणारा प्रेक्षक आणि शिक्षा भोगणारा प्राणी हा संबंध आजही तुटलेला नाहीं.

'असलीं माणसें' या दोन शब्दांचा सर्वांत वाईट उपयोग पुढें झाला. अमेरिकेंतील अनेक क्रीडोद्यानांत कृष्णवर्णीयांस मज्जाव असे. ते आले म्हणजे दंगा होईल, इतर गिऱ्हाइकांस त्रास होईल, असें चालक सांगत. एप्रिल १९६३ मध्यें बर्मिंगहॅमच्या तुरुंगांतून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत मार्टिन ल्यूथर किंग यांनीं, दूरदर्शनवर जाहिरात पाहिलेल्या 'फनटाउन' उद्यानांत आपणांस कां जातां येत नाहीं, असें सहा वर्षांच्या लेकीनें विचारलें असतां बापाची जीभ कशी अडखळते, तें सांगितलें आहे. त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं बाल्टिमोरनजीकच्या 'ग्विन ओक' उद्यानावर सत्याग्रह झाला व सुमारें २८० लोकांस अटक झाली. त्यांत अनेक धर्मोपदेशक होते. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं, म्हणजे किंग यांनीं वॉशिंग्टन येथें आपलें अमर भाषण केलें त्याच दिवशीं, ग्विन ओकचें फाटक सर्वांस उघडलें, आणि एक वर्षही पुरें न झालेली एक कृष्णवर्णीय बालिका तेथील लांकडी घोड्यावर बसली. कोणताही दंगा झाला नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांस येथें आपल्या घरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या कराव्या, हा रा. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ च्या ऑगस्टांत संमत झाला. तरी १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्यांच्यावर लाठ्या चालल्या व मागाहून तळ्याची शुद्धि करण्यांत आली. तेथेंही तक्रार 'उपद्रवा'चीच होती. कोणाच्या वर्तनाचा त्रास होतो आणि कोणाच्या नुसत्या असण्याचा त्रास होतो, हें वेगळें करून पाहिल्यावांचून शेजाऱ्याविरुद्ध बोलण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आतां आधुनिक काळाकडे वळूं. कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. कोपनहेगन येथील १८४३ सालचें टिव्होली उद्यान पाहून वॉल्ट डिस्ने यांस तेथील स्वच्छता व कौटुंबिक वातावरण भावलें होतें, आणि तसेंच आपल्याकडे व्हावें अशी त्यांची इच्छा. पण पहिल्याच दिवशीं बनावट तिकिटें घेऊन लोक शिरले. एकानें तर कुंपणास शिडी लावून पैसे घेऊन माणसें आंत सोडलीं. सुमारें २८,००० लोक जमले व उन्हानें डांबर मऊ होऊन बायकांच्या टांचा रुतूं लागल्या. पुढें १९६० नंतर लांब केस राखलेल्या तरुणांस दारांतूनच परत पाठविण्यांत येऊं लागलें. ६ ऑगस्ट १९७० रोजीं 'यिप्पी' पंथाच्या सुमारें तीनशें तरुणांनीं आंत धुमाकूळ घातला, तेव्हां उद्यान वेळेपूर्वींच बंद करावें लागलें. त्या दिवशीं दूरदूरहून मुलें घेऊन आलेल्या कुटुंबांचा हिरमोड झाला, यांत शंका नाहीं.

तथापि त्या केसाळ तरुणांपेक्षां आम्हांस २०१३ सालचा प्रकार अधिक उद्बोधक वाटतो. अपंग व्यक्ति व तिच्या कुटुंबास रांगेंत तिष्ठावें लागूं नये म्हणून डिस्नेच्या उद्यानांत एक सवलतपत्र देत असत. कांहीं श्रीमंत कुटुंबें अपंग माणसास तासाच्या मजुरीनें भाड्यानें घेऊन, त्यास 'घरचा' म्हणून पुढें करून, रांगा चुकवितात, असें त्या वर्षीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. ऑक्टोबर २०१३ मध्यें जुनी पद्धति मोडून नवी आणावी लागली, आणि जे खरोखर अपंग होते त्यांची सोय त्यामुळें अधिक जिकिरीची झाली, अशी त्यांच्यापैकीं अनेकांची तक्रार आहे. फिट्झजेराल्डनें हुजऱ्यास कॅप्टन बनविलें. यांनीं परक्यास आप्त बनविलें. दोनशें चाळीस वर्षांत युक्ति फारशी बदललेली नाहीं.

यापुढचा टप्पा अधिक विचारणीय आहे. १९९९ सालीं डिस्नेनें ठरलेल्या वेळीं येऊन रांग टाळण्याची एक चिठ्ठी काढली. ती सर्वांस फुकट मिळे. २०२१ सालीं ती बंद होऊन तिची जागा पैसे भरून घेण्याच्या सवलतीनें घेतली. आपल्याकडील उद्यानांतही जादा दराचें तिकीट घेणाऱ्यांस निराळी वाट असते. आम्ही उभे होतों त्या रांगेच्या शेजारींच ती होती. त्या पाऊण तासांत तिच्यामधून पन्नासएक माणसें आमच्यापुढें निघून गेलीं, आणि कोणीही कुरकुर केली नाहीं. सांखळीखालून शिरलेल्या अकरांचा मात्र सर्वांस संताप आला. दोहोंत भेद आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. एकांनीं नियम मोडला, दुसऱ्यांनीं नियम विकत घेतला. परंतु उन्हांत उभ्या असलेल्या लेंकराचा खोळंबा दोघांमुळेंही सारखाच झाला. हें केवळ करमणुकीपुरतें असतें तर सोडून देतां आलें असतें. शिर्डीस व तिरुपतीस पैसे भरून लवकर दर्शन घेण्याची सोय आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि आम्हीं स्वतः एकदां एका देवस्थानीं ओळखीच्या गृहस्थांच्या कृपेनें मागल्या दारानें दर्शन घेतलें, त्या वेळीं पुढच्या दारीं उभ्या असलेल्या माणसांचा आम्हांस विचारही शिवला नव्हता, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

तात्पर्य, उपद्रवी शेजारी हा कोणत्याही एका वर्गाचा नाहीं किंवा कोणत्याही एका युगाचा नाहीं. तिकीट महाग केल्यानें तो बाहेर राहत नाहीं. तो फक्त अधिक चांगले कपडे घालून येतो. ज्या उपायांनीं कांहीं गुण आलेला दिसतो ते साधे आहेत: दिवा, सर्वांस सारखा लागू असणारा नियम, आणि शेजारच्या बांकावरून उठणारा एखादा हेन्री बेट. पैकीं पहिले दोन चालकांच्या हातीं आहेत. तिसरा आपल्या हातीं आहे, आणि नेमका त्याचाच आपल्या सुशिक्षित वर्गांत तुटवडा आहे. त्या दिवशीं सद्गृहस्थ कुरकुरले, मागचे कुरकुरले, आणि इतिहासाचा अध्यापक चष्मा पुसत उभा राहिला. त्या तरुणास "बाबा रे, हीं लहान मुलें पाऊण तास उभीं आहेत" असें एक वाक्य कोणी सांगितलें असतें तर तो ओशाळला असता कीं भांडला असता, कोणास ठाऊक. पण तें सांगितलें गेलें नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं कन्येस उत्तर दिलें. रांगेंत उभे राहिलों तें चुकलें नाहीं. गप्प राहिलों तें चुकलें, असें आम्हीं तिला म्हटलें. तिनें थोडा वेळ विचार केला व विचारलें, "मग बाबा, त्या दुसऱ्या वाटेनें गेलेल्या लोकांना काय सांगायचें?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप देतां आलेलें नाहीं. वाचकांपैकीं कोणास सुचल्यास त्यांनीं तें आपापल्या घरच्या मुलांस अवश्य सांगावें.